एका बोटावर

तांदिलच्या विद्यापीठात, तळघरात,
माझी करवत पाण्याखाली चालते.
हाड तापू नये म्हणून पाणी.
तापलं की ते खोटं बोलतं.

आज टेबलावर पुढचा उजवा पाय,
गुडघ्याखालचा. नळीचं हाड, दोन तुकड्यांत.
पिशवीवर पेनानं लिहिलंय:
सेनीसा, घोडी, चार वर्षं.
आणि खाली, वेगळ्या अक्षरात,
जपून.

गुडघ्याखाली घोड्याला मांस नसतं.
दोऱ्या, कप्प्या, आणि हे एक हाड.
बाकीची बोटं लाखो वर्षांत वाटेत गळाली,
दोन काड्या तेवढ्या उरल्या, मागे चिकटून.
म्हणजे साडेचारशे किलोचं जनावर
पायागणिक एका बोटाच्या नखावर उभं असतं
आणि आपण त्याला म्हणतो, पळ.

भरधाव सुटल्यावर एक क्षण येतो
जेव्हा चारातला एकच पाय जमिनीला असतो.
त्या क्षणी या नळीवर सेनीसा एकटी नसते,
तिच्याएवढ्या आणखी दीड घोड्या चढून बसलेल्या असतात.
हाड दबतं.
विद्यार्थ्यांना हे पटत नाही, पण दबतं,
वीतभर लांबीत नखाच्या जाडीइतकं,
आणि पूर्ववत होतं,
सेकंदाला दोनदा, कधी अडीचदा.
दुडक्या चालीत ते एका अंगाला वाकतं,
चौखूर धावेत दुसऱ्याच.
दुडकीनं घडवलेलं हाड
धावेला परकं असतं.

निकानोर लेदेस्मा तिचा मोतद्दार. हाडाचा मोतद्दार.
पहाटे, माते पिण्याआधी,
हाताची मागची बाजू तिच्या नळीवर टेकवायचा.
तळहात नाही. तळहाताला घट्टे, म्हणायचा,
त्याला काय कळतंय.
मार्चात तो मालकाला म्हणाला, ऊब आहे,
थांबवा.
आणि मालकानं, नवलच, थांबवलं.
साठ दिवस कुरण.
लंगडणं गेलं, ऊब गेली,
निकानोरनं लुहानच्या मातेपुढे मेणबत्ती लावली.
मग शर्यत. शेवटचं वळण.
ती तिसरी होती.

आता तो माझ्या दारात उभा आहे, टोपी हातात.
बाहेर जूनचं दहिवर, त्याच्या बुटांना लागून आत आलेलं.
म्हणतो, बाई, विश्रांती मीच मागितली होती.

मी त्याला भिंगापाशी बसवते.
ह्या बारीक रेघा बघा, ह्या मार्चातल्या,
तुमच्या हाताला लागल्या त्या.
आणि ही भोकं?
ती दुरुस्ती.
बुजवायच्या आधी हाड खणावं लागतं,
रस्तेवाले आधी रस्ता उखडतात तसं.
खणायला आठवडे लागतात, भरायला महिने.
साठाव्या दिवशी दुखणं संपलं होतं,
खणणं संपलं नव्हतं.

तो बराच वेळ डोळा काढत नाही.
मग, किती दिवस थांबायला हवं होतं?
बोटावर मोजण्याइतके असते
तर सांगितले असते. तेही मी म्हणत नाही.
म्हणते, नक्की माहीत नाही.
आम्हाला हे असं मागाहूनच दिसतं.

तबेल्यात तिची धाकटी बहीण आहे, तो सांगतो,
दीड वर्षाची. सोमवारी पहिल्यांदा दोरीवर.
तिला काय करू?
थोडंच पळवा, मी म्हणते, पण खरं पळवा,
सरळ रेषेत, काही पावलं,
आणि लगेच घरी न्या.
नुसती तासन्‌तास दुडकत ठेवू नका.
तो मान हलवतो. मालकाला हे कोण सांगणार,
ते दोघंही बोलत नाही.

निघताना तो टेबलाशी थांबतो.
विचारतो, हात लावला तर चालेल?
मी पाणी बंद करते.
तो हाताची मागची बाजू टेकवतो.
गार, तो म्हणतो.

आणि ह्या काड्या? मागच्या दोन?
ती उरलेली बोटं. त्यांच्यावर आता फारसा भार येत नाही.
निकानोर टोपी चढवतो.
नशीबवान, म्हणतो,
आणि जिन्यावर त्याचा एक गुडघा कुरकुरतो.